भुरीबाईच्या वावरातले नऊ खड्डे

चैतातल्या एका सकाळी आभाळ तडकल्यासारखा आवाज झाला आणि पोहरादेवीजवळ भुरीबाईच्या वावरात वरून लोखंड कोसळलं. धुऱ्याच्या बांधावर चरणाऱ्या तिच्या दोन बकऱ्या जागीच मेल्या. लहानमोठे नऊ खड्डे पडले. त्यांत काळे, जड तुकडे. चुंबक नेला की टच्चकन चिकटत.

मग दोघं जण तिथं येऊ लागले. एक अनिसा, कारंज्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारी. ती खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून खड्डे मोजायची.

"काकू, लहान खड्डे पश्चिमेला, मोठे पूर्वेला. म्हणजे उल्का पश्चिमेकडून आली. हे उकरले तर पुन्हा काहीच कळणार नाही."

दुसरा रतनसिंग, भुरीबाईचा धाकटा दीर. तो तुकडे वेचून बाहेरच्या हौशी लोकांना विकायचा. भुरीबाई त्याला कधी अडवत नसे. ती लग्न होऊन तांड्यात आली तेव्हा तो दीड वर्षाचा होता. तिच्याच कडेवर वाढला.

वैशाखात एका दुपारी तो जेसीबी घेऊन सगळ्यात मोठ्या खड्ड्यावर आला. अनिसा आत उतरून उभी राहिली.

"निघ बाहेर!"

"आठ दिवस थांबा. मोजून होऊ द्या, मग न्या लोखंड."

रतनसिंगनं उडी मारली, तिचे केस धरून तिला फरफटत वर काढलं. तिनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तसा त्यानं पायाशी पडलेला उल्केचा तुकडाच उचलून तिच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा. दात मातीत पडले.

"रतन, सोड तिले! मरून जाईन पोरगी!" भुरीबाई कुऱ्हाड घेऊन काटेरी कुपाटीकडून धावली. त्याचा हात तिसऱ्यांदा वर गेला आणि तिनं त्याच हातावर घाव घातला. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती कोसळली, उठली, आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या गुडघ्यावर बसला. जेसीबीवाला मशीन चालू ठेवूनच पळाला.

मग भुरीबाईनं आपली ओढणी फाडली. आधी अनिसाचा जबडा बांधला, मग रतनसिंगचा हात. दवाखान्यात न्यायला एकाच जीपमध्ये दोघांना घालून ती मधे बसली.

"वयनी, त्या परक्या पोरीसाठी मले मारलं?"

"तू जीव घेऊन राह्यला होता तिचा. मंग काय पाहत बसू?" ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

पोलिसांपुढेही तिनं काही लपवलं नाही. रतनसिंगचा हात कोपरापासून कापावा लागला. दीर-भावजय दोघांवरही खटले भरले गेले. जामिनावर सुटून आल्यावर भुरीबाईनं पहिल्या पावसाआधी खड्ड्यांवर ताडपत्र्या अंथरल्या.

अनिसा दिवाळीनंतर आली. बोलणं अजून बोबडं होतं, पण तिनं नऊही खड्डे मोजून काढले. दोरीचं दुसरं टोक भुरीबाईनं धरलं होतं.

रतनसिंग शेजारच्याच घरात राहतो. भुरीबाई रोज त्याच्या दारात भाकर ठेवते. तो ती खातो, पण तिच्याशी बोलत नाही.