बुशिंगचं ग्रीस आणि प्रतापकाकांचा उजवा गुडघा

ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये संग्रामने पिकअप ट्रक घेतला तेव्हा मला वाटलं, हा आता घोडेबिडे पाळणार. दिवसभर विमा कंपनीच्या स्क्रीनसमोर बसणारा माणूस! त्या ट्रकने आजवर वाहिलेलं सगळ्यात जड ओझं म्हणजे तांदळाची एक गोणी, आणि तीसुद्धा मागे भिजेल म्हणून पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

ट्रक उत्तम होता. मऊ चालायचा, आवाज नाही. तेच संग्रामला खुपलं. यूट्यूबवरच्या एका दाढीवाल्याने त्याला पटवलं की कंपनीची रबरी बुशिंगं म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी असतात. आता बुशिंग म्हणजे काय, तर चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, कंट्रोल आर्म, त्याच्या सांध्यातली गादी. रबराची गादी स्वतःच पिळली जाते आणि सुटते, तिला वंगण लागत नाही. दाढीवाल्याची गादी पॉलियुरेथेनची, लालभडक, टणक. ती आतल्या नळीवर घासत फिरते, म्हणून तिला ग्रीस लागतंच. हे सगळं खोक्यातल्या कागदावर चित्रासकट छापलेलं होतं. पण कागद वाचणं म्हणजे आमच्या इंजिनिअर साहेबांना हार मानल्यासारखं वाटतं.

खोक्यात ग्रीसची दोन छोटी पाकिटं होती. "देतात कंपन्या असलं काहीतरी फुकट," असं म्हणून संग्रामने ती स्वयंपाकघरातल्या एका खणात टाकली. हा खण इथल्या प्रत्येक मराठी घरात असतो. हॉटेलातून खिशात घालून आणलेली केचपची, सोया सॉसची, तिखट चटणीची पाकिटं त्यात वर्षानुवर्षं साठतात. फेकवत नाहीत आणि संपतही नाहीत.

बुशिंगं कोरडीच बसली. त्यानंतर ट्रक गल्लीत शिरला की असा किंचाळायचा, की ऐन जुलैत तळ्यावरची बदकं बर्फ येणार समजून दक्षिणेला निघून गेली. शेजारच्या ठार बहिऱ्या कुत्र्याला ऐकू यायला लागलं. खोटं वाटत असेल तर त्या कुत्र्याला विचारा. संग्रामने सांध्यांवर खोबरेल तेल ओतून पाहिलं. पहिल्या थंडीत ते गोठलं आणि ट्रक रस्त्यातल्या उंचवट्यावर बोकडासारखा उडाला.

शेवटी त्याच्या बायकोने, रेणूने, निकाल दिला.

"शनिवारी डीलरची अपॉइंटमेंट घेतलीय. तोपर्यंत आवाज गेला तर ट्रक राहील. नाही गेला तर मिनीव्हॅन."

"मिनीव्हॅन? ती पोरंबाळं शाळेत सोडायची गाडी? यार रेणू, मी मिनीव्हॅनवाला दिसतो का?"

"दिसतोस. तुला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच."

संग्राम पांढराफटक पडला. कुणी त्याची किडनी मागितली असती तर कोणती, एवढंच विचारलं असतं. पण ट्रक?

त्याआधीच्या रविवारी त्यांच्याकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने आपापला पदार्थ घेऊन यायचं जेवण. मी होतो आणि प्रतापकाका होते. प्रतापकाका म्हणजे निवृत्त हाडांचे डॉक्टर. उभ्या ओहायोचे गुडघे बदलले, स्वतःचे मात्र बदलू दिले नाहीत. "त्या पोरांच्या हातात सुरी देऊ?" म्हणायचे. ते सोफ्यावरून उठले की ट्रक आला समजून रेणू गॅरेजचं दार उघडायची.

तर काकांनी बटाटेवडा घेतला, त्या खणात हात घातला, हाताला लागलं ते पाकीट दातांनी फाडलं आणि वड्यावर पिळलं. डाव्या बाजूने चावून खाल्ला; उजवीकडची कवळी सैल आहे त्यांची. मग पाण्यासाठी उठले. उजवा गुडघा नेहमीसारखा करकरला. डाव्यातून चकार शब्द नाही.

काका पुन्हा बसले, पुन्हा उठले. डावा गप्प, उजवा करकर.

"रेणू, कसली चटणी होती गं? जरा अळणी होती, पण गुण आहे."

मी चष्मा पुसून पाकीट वाचलं. "प्रताप, ही चटणी ट्रकच्या बुशिंगची आहे."

"मेडिकली इम्पॉसिबल," काका म्हणाले. "अजून आहे का?"

संग्रामने खणावर झडप घातली. साठ-सत्तर केचप जमिनीवर, आणि तळाशी दुसरं पाकीट! छातीशी धरून तो ओरडला, "रेणू! ग्रीस! पुढची बुशिंगं तर होतील एवढ्यात! ट्रक वाचला!"

"अरे, दुकानात मिळतं की ग्रीस," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी आयुष्यभर त्याच्या पिढीकडे टाकत आलोय. "रवींद्रकाका, कंपनीचंच लागतं. नाहीतर वॉरंटी व्हॉइड होते."

"बरोबर," प्रतापकाका म्हणाले. "डाव्याला जे लागू पडलं, तेच उजव्याला द्यायला हवं." आणि पाकिटाकडे बघत राहिले. मग मोठा सुस्कारा सोडून म्हणाले, "पण राहू दे. नको. तुझा ट्रक आहे. आमचं काय, करकरत जाऊ."

आता संग्रामने फक्त गप्प बसायचं होतं. पण पाहुणा पानावरून 'नको' म्हणाला की पुढचं वाक्य आपल्याला लहानपणापासून पाठ. ते डोक्यातून येतच नाही.

"असं कसं काका!" त्याच्या तोंडून निघून गेलं. "घ्या ना! संकोच कसला, घरचंच आहे!"

"नको रे, पोट भरलंय."

"माझ्यासाठी म्हणून घ्या!"

"आग्रहच करतोयस तर," म्हणत काकांनी पाकीट त्याच्या बोटांतून सोडवून घेतलं. संग्रामचा हात तसाच पुढे, तोंड तसंच हसरं. डोळे मात्र भरून आले होते. रेणूने शांतपणे ताटलीत एक वडा ठेवला. काकांनी कवळी अंगठ्याने दाबून धरली आणि तो उजव्या बाजूने चावून चावून संपवला.

उठले. काही नाही. अक्षरशः काही नाही.

शनिवारी ट्रक किंचाळत डीलरकडे गेला आणि चंदेरी मिनीव्हॅन घरी आली. संग्रामने अंधार पडायची वाट पाहिली, म्हणजे कुणी बघायला नको. मग एकटाच चक्कर मारायला निघाला. गल्लीचं वळण घेतो तोच मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "छान आहे रे. आवाज नाही हं अजिबात."

प्रतापकाका कधी येऊन बसले होते, देव जाणे. संग्रामने असा ब्रेक मारला की मिनीव्हॅन शेजाऱ्याच्या हिरवळीवर चढून रुतली, आणि तिथं, सगळ्या गल्लीच्या दिव्यांत, तो सकाळपर्यंत टोइंगवाल्याची वाट बघत तिच्यात बसून होता.