राहू तीनला सुटतो

"अहो, खिडकी उघडी आहे. देऊन टाका ना तो अर्ज," वासंतीबाई म्हणाल्या.

"राहुकाळ चालू आहे." सुधाकरराव निवडणूक कचेरीच्या बाकावर मांडीवरची फाइल दाबून बसले होते, जशी काही आत मांजर होती.

दोन चाळीस झाले होते. गुरुवार, अर्ज भरायचा शेवटचा दिवस. दहा सूचकांच्या सह्यांमागे आठवडा गेला. दहावी आज दीड वाजता मिळाली, राहुकाळ लागता लागता. यंदाही निवडणूक लढवली नाही, तर अखिल भारतीय धर्मपालन परिषदेचं नाव पक्षांच्या यादीतून कायमचं खोडणार होते. तशी नोटीसच आली होती.

परिषदेचा इतिहास सुधाकररावांनीच लिहिलेला, तीनशे पानं. बावन्न साली चार आमदार. त्रेपन्नला फूट, का तर सभागृहातल्या खुर्च्या चामड्याच्या. दोघे बसले, दोघे उभेच राहिले. पुढे उभ्यांतही फूट पडली. आता बँकेच्या नोकरीनं बंगालमध्ये आलेले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिलेले सुधाकरराव म्हणजेच पक्षाची बंगाल शाखा.

"राहूकडे जरा काणाडोळा करा की. तीनला खिडकी बंद होते."

"तीनलाच तो सुटतो. राहुकाळात पक्षाचं काम करायचं नाही, कलम सात. ते मोडून भरला तर अर्ज कुणाचा?"

"म्हणजे कचेरीचं घड्याळ मिनिटभर मागे असेल, या भरवशावर बसलायत."

"सरकारी आहे. असेलही."

तीन वाजले. सुधाकरराव उठले, चार ढांगांत खिडकीशी पोचले. खिडकी लागली होती. घड्याळ अगदी बरोबर निघालं.

बाजूच्या दारातून कारकून घोषबाबू बाहेर आले, बंगाली पद्धतीनं काका म्हणत. "मेशोमशाय, आधे घंटे से सामने बैठे थे। दिया क्यों नहीं?"

"राहुकाल था। तीन बजे तक।"

"किसने बोला?"

"कॅलेंडर में छपा है। पुणे से आता है, हर साल।"

घोषबाबूंनी मोबाइलवर पंजिका, म्हणजे बंगाली पंचांग, उघडली. "पुणे का इधर कैसे चलेगा? यहाँ सूरज पहले उगता है। आपका राहु तो पौने तीन बजे ही चला गया।"

वासंतीबाईंना हसू फुटलं, आणि मग ते कुठे ठेवावं कळेना.

घोषबाबूंनी चहा मागवला. पक्षाच्या शिस्तीपायी सुधाकररावांनी चाळीस वर्षं बाहेर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्यांनी मातीचा पेला दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला.

"गोड आहे," ते म्हणाले, आणि बायकोकडे न बघता दुसरा घेतला.