चाळीस सेकंदांचे बाबा

आमच्या बाबांचं स्वरयंत्र ऑपरेशनमध्ये काढून टाकणार होते. आदल्या दुपारी ताई रेकॉर्डर घेऊन त्यांच्या खाटेशी बसली. सिनेमांसाठी आवाज टिपणं हेच तिचं काम. सेल ऐनवेळी दगा देतील म्हणून तिने ते काढून पॉवर बँक जोडली. बाबा तासभर बोलले. आई पहिल्यांदा कुठे भेटली, तेही सांगितलं. ताई स्क्रीनकडे नाही, त्यांच्याकडेच बघत राहिली.

ऑपरेशन नीट पार पडलं. तीन दिवसांनी ताईने फाइल उघडली, तर ती अवघी चाळीस सेकंदांची. तिने वायर बदलली, पॉवर बँक पूर्ण चार्ज केली. तरी मशीन दर वेळी तिथेच बंद पडायचं. शेवटी आम्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"मशीन ठणठणीत आहे हो," तो म्हणाला. "ते वीज इतकी कमी खातं, की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. मग ती आपली बंद होते. आत सेल असते तर निभावलं असतं."

ताई तिथेच स्टुलावर बसून हमसून हमसून रडली.

संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'आहे तेवढं लाव.'

तिने लावलं. "झालं का गं सुरू? मला यातलं काही कळत नाही." मग बराच वेळ खोकला. "हां. तर तुझी आई..."

बाबांनी डोळे पुसले आणि पुन्हा लावायची खूण केली.