विहिरीवरचा काळा तवंग

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. पारोळ्याजवळच्या एका शिवारात झुलालआबांच्या विहिरीकाठी माझा ओटा आहे. मित्रांनो, मला आणलं तेव्हा आबांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. मी धडधडू लागलो की पाटात पाणी उड्या मारायचं. पुढे विजेची मोटर आली आणि माझ्या डोक्यावर कोंबड्या बसू लागल्या.

माझ्या पोटातलं ऑईल जळून काळं झालं, की आबा ते विहिरीवरच्या लाकडी तुळईला फासतात. त्याने वाळवी लागत नाही, म्हणून आमच्याकडे बरेच जण असंच करतात. यंदा आबांनी माझ्या जुन्या, साठवलेल्या ऑईलचा डबा तुळईवरच उघडा ठेवला आणि वाऱ्याने तो विहिरीत कलंडला. तेलाचा थर पाण्यावर पसरत इतका पातळ होतो, की त्यात रंग दिसू लागतात. विहीरभर ते रंग चढले. म्हशींनी मात्र तोंड फिरवलं.

आबांच्या दीपकने गंमत म्हणून व्हिडिओ टाकला, 'आमच्या विहिरीत तेल लागलं!' दिवस निवडणुकीचे होते. देशात नव्या तेलविहिरी खोदाव्यात की नाही, यावर रोज सभा गाजत होत्या.

आधी उमेदवार रतिलालभाऊ आले. त्यांनी पाण्याची बाटली भरली आणि ती सभेत उंच धरली. "बाहेरच्या तेलावर किती दिवस जगायचं? इथे खोदा!"

मग त्यांचे विरोधक प्रेमराजनाना आले. त्यांनीही बाटली भरली. "कोणी तरी गुपचूप भोक पाडून गेलं आणि पाणी नासलं. खोदू देऊ नका!"

प्रश्न दोघांचेही खरे होते. परदेशी तेलावर तर मीसुद्धा चाललो आहे, आणि नासलेलं पाणी माझ्यासमोरच होतं. खोटी होती ती बाटली.

"भाऊ, ते आम्हनंच जळेल ऑईल शे," प्रमिलाबाईंनी रतिलालभाऊंना सांगितलं. "डबा कलंडना. विहीर साफ करू द्या, म्हशी तहान्या शेतस."

"अक्का, लक्ष्मी दारात आली आणि तुम्ही तिला ऑईल म्हणता?" भाऊ हसले.

नाना हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं खरं असेल हो. पण मतदान होईपर्यंत विहिरीला हात लावू नका. पुरावा आहे तो."

"तवलोंग म्हशी काय तुम्हनं भाषण पेतीन?" प्रमिलाबाईंनी विचारलं. तोपर्यंत म्हशींनी प्यायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता.

नाना गाडीत जाऊन बसले. दोघांच्या माणसांनी विहिरीभोवती दोरी बांधली.

मग बघ्यांची रीघ लागली. तेल बघायला आलेले लोक त्याच तेलावर गुटखा थुंकले. नाश्त्याच्या प्लेटा त्यांनी विहिरीतच भिरकावल्या. लाल, काळी, चिकट साय पाण्यावर डुलू लागली. मी आयुष्यभर धूर ओकला, पण अशी किळस मला कधी आली नव्हती. कचऱ्याने पाइपाचं तोंड बुजलं आणि मोटर जळाली. प्रमिलाबाई लांबच्या हापशावरून म्हशींसाठी हंडे वाहत होत्या. एक म्हैस आटली.

शेवटी एका सकाळी त्यांनी विळ्याने दोरी कापली. दीपकने मान खाली घालून प्लेटा काढल्या. घरातला डागी कापूस त्यांनी पाण्यावर पसरला. कापसाने तेल शोषलं, तसा जाळीने तो वर ओढला. मग आबांनी कोंबड्या हाकलल्या आणि माझं हँडल फिरवलं. मी खोकलो, थरथरलो आणि चाललो! उरलेलं घाण पाणी मी पडीक जमिनीवर ओतलं. तळाच्या झऱ्यातून स्वच्छ पाणी येऊ लागलं, तेव्हाच थांबलो.

पाणी भरलं. म्हशी प्यायल्या. तेवढ्यात दोन्ही पक्षांची माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन हजर झाली. एकमेकांना पाहून ती जरा ओशाळली, पण परत फिरली नाहीत.

"अक्का, पुरावा कुठे गेला?"

प्रमिलाबाईंनी काळ्या कापसाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "तो शे. बठ्ठा लई जा. पिळी ल्या!"

मला वाटलं, 'सगळा घेऊन जा' हे ऐकून ती लाजेने निघून जातील. मित्रांनो, ती शेजारी शेजारी बसली आणि कापूस पिळू लागली.

मी लोखंडाचं यंत्र. तेल काढावं की नाही, ते तुम्ही मोठे झालात की ठरवा. मात्र जळकं ऑईल झाकणाच्या डब्यात ठेवा, विहिरीपासून लांब. आणि कोणी बाटली उंच धरून ओरडू लागला, तर ती कुठे भरली, हे आधी विचारा.

सभा अजून चालू आहेत. बाटल्या भरलेल्या आहेत.