माझ्या काचेआडची दोन अंडी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, अंडी उबवण्याची. पक्ष्याची आई पोटाखाली जे करते, ते मी विजेवर करते. फरक एवढाच, की मला ऊब देता येते, पण ती मला जाणवत नाही. कुणी जगले काय नि मेले काय, माझा काटा लावाल तिथेच राहतो.

सौदी अरेबियात, खमीस मुशैतबाहेरच्या एका पक्षी केंद्रात माझी उमेदीची वर्षे गेली. तिथे हुबारा नावाच्या पक्ष्याची अंडी येत. सावंतवाडीकडचे गुणाजी माझी देखभाल करीत. वर्षानुवर्षे एकच पक्षी, त्यामुळे त्याचे वेळापत्रक त्यांच्या हाडीमासी खिळले होते. पाहुणे येत, माझ्या पाठीवर थाप मारून जात.

२००६ साली दोन वेगळी अंडी आली, अरबी माळढोकाची. त्यांची आई विजेच्या तारेला धडकून मेली होती. तो पक्षी त्या भागात फारच थोडा उरला होता आणि त्याची अंडी केंद्रात कुणी उबवली नव्हती. गुणाजींनी सवयीने मला हुबाऱ्याचेच दिवस लावले.

ते दिवस उलटले. अंडी हलेनात. दिव्यापुढे धरूनही आतले नीट दिसेना. मुदत संपली की अंडे फोडून पाहायचे, असा केंद्राचा नियम होता. गुणाजींनी एक फोडले. आतल्या पिल्लाने एक पाय हलवला आणि ते थांबले.

"खलास," गुणाजी म्हणाले. मग बराच वेळ ते हात धुवायलाही उठले नाहीत.

पक्ष्यांच्या वंशावळीचा अभ्यास करणाऱ्या रईसा मॅडम, मूळच्या रत्नागिरीच्या, त्याच दिवशी जेद्दाहून परतल्या. माझ्या काचेवरच्या धुळीत त्यांनी बोटाने एक झाड काढले, फांदीफांदीवर एकेक पक्षी.

"गुणाजी, हुबारा याचा नुसता शेजारी. रक्ताचे भाऊबंद इकडे आहेत. आपल्या सोलापूरकडचा माळढोक, आफ्रिकेतला कोरी. कोरीचं पिल्लू थोडं उशिराच येतं. हेही तसंच असणार."

"नक्की?"

"नक्की नाही, अंदाज आहे. पण ज्याची माहितीच नाही, त्याचा अंदाज नात्यावरून बांधायचा. शेजारावरून नाही."

"मग ते दुसरं..."

"राहू द्या. हात लावू नका."

काचेवर ते झाड घेऊन मी ऊब देत राहिले. गुणाजी समोर स्टुलावर बसत, डबा उघडत आणि तसाच मिटत. तिसऱ्या दिवशी अंड्याला तडा गेला आणि पिल्लू बाहेर आले. लोक जमले, फोटो निघाले. गुणाजी म्हणाले, "झालं ना? बरं झालं." आणि पहिल्या अंड्याची टरफले ठेवलेली बशी उचलून बाहेर गेले. त्यांना आनंद झाला की नाही, मला सांगता येणार नाही. तो कसा असतो, तेही मला ठाऊक नाही.

पुढे नवी यंत्रे आली आणि मी गोदामात गेले. माझ्यावरची धूळ कुणी पुसत नाही. त्याचे मला काही वाटत नाही. मित्रांनो, मागणे एकच. जे हलत नाही ते मेले, असे ठरवण्याआधी ते कुणाच्या रक्ताचे आहे ते विचारा आणि त्याला त्याचे दिवस द्या. मी आईच्या जागी बसते, पण त्या दिवशी मला 'थांबा' म्हणता आले नाही. ते तुम्हालाच म्हणावे लागेल.