बटण दाबू नये

साहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शंका काही निवृत्त झाल्या नव्हत्या. अडतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला जग हे एक मोठं दुकान वाटतं आणि प्रत्येक दुकानाच्या तराजूखाली चिंच चिकटवलेली दिसते. बाजारात त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांची लेक गुरांची डॉक्टर. तिची नेमणूक खिंडीपलीकडच्या वस्त्यांवर झाली होती. तिथं रस्ता म्हणजे जीपच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि फोनला रेंज म्हणाल तर खिंडीच्या अलीकडेच राम म्हणायची. मागच्या महिन्यात जीप ओढ्यात रुतली, तेव्हा ती सात तास एकटी बसून होती. घरी आली ती चिखलाने माखलेली आणि हसत. साहेबांना मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. शेवटी तिच्या जीपला सीबी रेडिओ बसवायचं ठरलं. म्हणजे गाडीतलं छोटं वायरलेस. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. खिंडीपलीकडच्या खाणीतले ट्रकवाले दिवसभर त्यावर असतात. हाक मारली की कुणीतरी धावून येतंच.

"रेडिओ मी निवडणार," साहेब म्हणाले. "तुला कुणीही गुंडाळेल."

"निवडा," लेक म्हणाली. "पण मंगळवारी मला लस घेऊन निघायचंय. तोवर बसवलेला पाहिजे."

म्हणून सोमवारी दोघं रेडिओवालीच्या दुकानात गेली. दुकान एवढंसं. भिंतीवर वायरींची वेटोळी, टेबलावर वायरींना डाख द्यायची तापलेली सळई आणि कोपऱ्यात काठ्यांसारख्या उभ्या केलेल्या अँटेना. रेडिओवाली पन्नाशीची, चष्मा कपाळावर. "या काका," ती म्हणाली आणि साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. पहिल्याच वाक्यात काका म्हणणारे पुढे मामा बनवतात, हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता.

साहेबांनी फळीवरच्या सर्वांत देखण्या सेटकडे बोट दाखवलं. रंगीत दिवे, मोठा पडदा, बटणंच बटणं.

"तो नको," रेडिओवाली म्हणाली. "धक्क्यांनी त्याची बटणं सैल होतात. हा साधा घ्या. हातमोजा घालूनही चालवता येतो."

साधा सेट निम्म्या किमतीचा होता. साहेब चपापले. महागातलं सोडून स्वस्तातलं गळ्यात मारणारा दुकानदार त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. नक्कीच जुना माल पडून असणार.

अँटेनाचंही तेच. साहेबांना आवडली ती आखूड, चकचकीत, टपावर लोहचुंबकाने चिकटणारी. रेडिओवालीने पुढं केली ती चार फुटी, पांढरी, बुडाशी स्प्रिंग असलेली.

"आखूड शहरात ठीक आहे. दरीत ती मुकी होते," ती लेकीला सांगू लागली. "उंच बरी, पण टपावर लावली तर फांद्या तिचे हाल करतील. आपण ती पुढच्या काचेच्या बाजूला, बॉनेटच्या कडेला लावू. स्प्रिंग आहे, फांदी लागली तर वाकेल आणि परत उभी राहील. गाडीचा पत्रा हीसुद्धा अर्धी अँटेनाच असते, म्हणून तिथला रंग खरवडून पत्र्याला पक्की जोडायची."

"नव्या रंगाची वाट लावायची म्हणा की," साहेब म्हणाले.

"बाबा!" लेकीने डोळे वटारले.

रेडिओवाली हसली. तिने सेट दुकानाच्या छपरावरच्या अँटेनाला जोडला, मध्ये एक मीटर लावला आणि बटण दाबलं. काटा सरळ चारच्या खुणेवर गेला. "पूर्ण ताकद," ती म्हणाली. "याहून जास्त सेट देतच नाही."

"या मीटरवर शिक्का कुठंय?" साहेबांनी विचारलं. "शेवटची पडताळणी कधी झाली?"

"याला शिक्का नसतो, काका."

"तेच म्हणतो मी."

शेवटी लेकीच्या हट्टापुढं साधा सेट आणि लांब अँटेना ठरली. बसवायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. सेट तोवर दुकानातच राहू द्या, असं रेडिओवाली म्हणताच साहेबांनी खोका काखेत मारला. रात्रीत माल बदलला जातो, हे ते कोळून प्यायले होते. तिने खोक्यावर लाल शाईने लिहिलेली पट्टी चिकटवली: अँटेना जोडल्याशिवाय बटण दाबू नये.

घरी येऊन साहेबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सेट मांडला, जीपची जुनी बॅटरी आणून वायरी जोडल्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. बायको मटार सोलत होती. तिने पट्टी वाचली.

"दाबू नका म्हणून लिहिलंय ना?"

"जिथं हात लावू नका असं लिहिलेलं असतं, तिथंच काळंबेरं असतं," साहेब म्हणाले. "अडतीस वर्षं बघतोय. हिने दुकानात दोन सेकंद दाबून दाखवलं. खरा माल वीस मिनिटं टिकला पाहिजे."

त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग त्यांनी एक ते शंभर आकडे मोजले, उलटे मोजले, नंतर खात्याच्या नियमावलीतली आठवतील तेवढी कलमं म्हटली. बाराव्या मिनिटाला सेट चांगलाच तापला आणि काहीतरी करपल्यासारखा वास आला. बायको उठून गॅस बघून आली. गॅस बंद होता.

"बघितलंस? हलका माल!" साहेब विजयाने म्हणाले. तरी बटण त्यांनी सोडलं ते वीस मिनिटं भरल्यावरच. दिवा अजून लागत होता, दुसऱ्यांचे आवाजही येत होते. त्यांनी सेट गार होऊ दिला, खोक्यात नीट भरला आणि पट्टी पुन्हा चिकटवली. उद्या रेडिओवालीचं पितळ लेकीसमोरच उघडं पाडायचं, हा बेत करून ते शांत झोपले.

मंगळवारी सकाळी जीप दुकानासमोर उभी राहिली. मागं बर्फाच्या पेटीत लस. ऊन चढायच्या आत खिंड ओलांडायला हवी होती. रेडिओवालीने रंग खरवडला, अँटेना घट्ट बसवली, तिची लांबी कणाकणाने जुळवली. मग बटण दाबलं. काटा थरथरत एकपर्यंत आला आणि तिथंच बसला.

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. पण रेडिओवाली त्यांच्या आधी वळली.

"काका, घरी अँटेना न लावता बटण दाबलं होतं का? तसं केलं की बाहेर जायची ताकद आतल्या आत फिरते आणि सेट जळतो. वरून काही कळत नाही. दिवा लागतो, ऐकूही येतं. फक्त आपला आवाज लांब जात नाही."

साहेबांना करपल्याचा वास आठवला.

"नाही," ते म्हणाले.

तो शब्द कसा निघाला हे त्यांनाही कळलं नाही. लबाडी पकडली गेली की दुकानदार अगदी याच सुरात बोलत, एवढं मात्र लगेच कळलं.

"नक्की?"

"ताई, बाबा नाही म्हणाले म्हणजे नाही," लेक म्हणाली. "शंकेखोर आहेत ते, पण खोटं बोलत नाहीत. या बाबतीत मी डोळे मिटून त्यांचा हात धरते."

रेडिओवालीने मान हलवली. "मग सेट चांगलाच आहे. काल तुमच्यासमोर तपासला होता. म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत गडबड असणार. दुसरा सेट लावून बघायची गरजच नाही."

ती जीपखाली शिरली. तिने बॅटरीची टोकं घासली, वायर बदलली, पत्र्याचा जोड उकलून पुन्हा केला. एकदा स्क्रू ड्रायव्हर सटकून तिच्या अंगठ्याचं साल गेलं. तिने अंगठा तोंडात घातला आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं. साहेब बाजूला उभे राहून पाहत होते. इतक्या प्रामाणिकपणे कुणी चुकीच्या जागी शोधत असलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि ती चुकीच्या जागी शोधत होती ती केवळ त्यांच्या शब्दावर. त्यांना स्वतःची शिसारी आली. तरी ते मूग गिळून उभे राहिले. कारण आता बोलायचं तर नुसती चूक सांगून भागणार नव्हतं. खोटं बोलल्याचंही कबूल करावं लागणार होतं.

तासाभराने ती बाहेर आली. काटा एकवरच.

"मला काही सापडत नाही," ती लेकीला म्हणाली. "जवळपास ऐकू जाईल. खिंडीपलीकडची खात्री नाही. आज थांबता येणार नाही?"

"बर्फ दुपारपर्यंतच टिकेल. चाळीस जनावरं वाट बघताहेत." लेकीने किल्ली फिरवली. "जाते मी. मागच्या वेळी नाही का निभावलं?"

इंजिन सुरू झालं. साहेबांना तो ओढा दिसला. ती बटण दाबून हाका मारतेय, तिला ट्रकवाल्यांच्या गप्पा स्वच्छ ऐकू येताहेत, आणि तिचं मात्र कुणालाच काही ऐकू जात नाही. त्यांनी पुढं होऊन खिडकीची कड धरली.

"उतर," ते म्हणाले. "मी दाबलं होतं बटण. वीस मिनिटं. करपल्याचा वास आला तरी सोडलं नाही. मला वाटलं, ही फसवतेय."

लेकीने इंजिन बंद केलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आणि मघाशी?" तिने विचारलं.

"मघाशी खोटं बोललो."

रेडिओवाली दुकानामागे गेली. तिथं तिची स्वतःची मालवाहू गाडी उभी होती. तिने त्यातला तसाच साधा सेट काढून आणला आणि जीपमध्ये बसवला. काटा चारवर गेला. "एकदा लांबून तपासून घेऊ," ती म्हणाली आणि तिने हातात धरायचा एक छोटा सेट साहेबांना दिला. "रस्त्याच्या टोकाला, त्या पाण्याच्या टाकीच्या पलीकडे जा. आवाज कसा येतो ते सांगा."

साहेब निघाले. गुडघे दुखत होते तरी भरभर चालले. टाकीच्या पलीकडे, जीप दिसेनाशी झाल्यावर ते थांबले. सेटमधून लेकीचा आवाज आला, जणू ती शेजारीच उभी होती.

"ऐकू येतंय का?"

साहेबांनी बटण दाबलं. "स्वच्छ येतंय. शब्दन् शब्द."

मग पुन्हा खरखर झाली. लेकीच्या हातून बटण दाबलं गेलं होतं, पण या वेळी ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

"ताई," तिने हलक्या आवाजात विचारलं, "एकदा तुम्ही स्वतः जाऊन ऐकून येता का?"

रेडिओवाली टाकीच्या कोपऱ्यावर दिसू लागली, तेव्हा चार पावलं पुढं होऊन साहेबांनी सेट तिच्या हातात दिला, आणि ती ऐकत असताना बाजूला उभे राहिले.