दुर्गाबाईंच्या लाडाचा पाइप

मित्रांनो, मी एक म्हातारा रबरी पाइप आहे. खरं तर पाइपाचा उरलेला तुकडा. पिंपळगाव रेणुकाईत रामकिसनरावांच्या घरी तुळईला एक लोखंडी कडी आहे, तिथे माझा मुक्काम असतो. पाइपाचं तुळईवर काय काम, असं तुम्ही विचाराल. तेच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातल्या कढत साच्यात झाला. रामकिसनरावांनी जुनी अँबॅसडर घेतली, तेव्हा जालन्याच्या दुकानातून मला आणून तिच्या इंजिनाला जोडलं. इंजिनात तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये निवायला पोचवायचं, एवढंच माझं काम. पण मी दगा दिला तर अख्खी गाडी रस्त्यात बसणार! गावात लग्न असो की कुणाला भोकरदनच्या दवाखान्यात न्यायचं असो, मी पोटात आधण घेऊन धावायचो. लोक मात्र हॉर्नचं कौतुक करायचे.

माझे लाड करणारं एकच माणूस होतं, रामकिसनरावांची बायको दुर्गाबाई. खंडेनवमीला त्या विळे, कुऱ्हाड, पाने, पेचकस धुऊन, तेलाचं बोट लावून देवीपुढे मांडायच्या. मग बॉनेट उघडायला लावून उरलेलं करडईचं तेल मला चोळायच्या. "लई तापतं बिचारं," म्हणायच्या. लेक उषा लहान असताना तिलाही त्या अशाच चोळायच्या. मी काळाकुळकुळीत चमकायचो. "बिलकुल नवा दिसतो," असं रामकिसनराव म्हणायचे. त्यामुळे त्यांनी जोडीला आणलेला नवा पाइप ट्रंकेतच पडून राहिला.

मला ते तेल सोसत नव्हतं. रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं. मी आतून खचत चाललो होतो, पण सांगणार कसं? आणि खरं सांगू, त्या हातांची मला सवय लागली होती.

उषाचं सासर अंकुशनगरला. जावई साखर कारखान्यात कामाला. त्या साली तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासूबाईंना चांगला दिवसच सापडेना. शेवटी निरोप आला, "दसऱ्याला घिऊन जा. मंग आठवा लागतो. आठव्यात पोटुशीला आम्ही धाडत न्हाई." नवव्यात तर एवढा लांबचा प्रवास कुणी करू देणार नव्हतं. उषाने निरोप्याजवळ हळूच सांगितलं होतं, "मायला म्हनावं, नक्की ये. मला भेव वाटतंय." तेव्हापासून दुर्गाबाईंना घास गोड लागेना.

खंडेनवमीची पूजा झाली. "उद्या माझ्या लेकीला सुखरूप आन रे बाबा," म्हणत त्यांनी मला तेल चोळलं. दुपारी रामकिसनरावांनी गाडी चालू करून बघितली. इंजिन तापलं, पाण्याला जोर आला आणि मला धरवेना. इंजिनाकडच्या टोकाला मी फाटलो. अंगणात वाफच वाफ झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी निवल्यावर रामकिसनरावांनी मला दाबून पाहिलं. बोट आत रुतलं. "अगं, हे तेलानं कुजलंय. रबराला तेल चालत न्हाई."

दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी म्याच मारलं व्हय याला?"

"मी तरी कुठं पाह्यलं? चमकतंय म्हनून खूश होऊन राह्यलो व्हतो. नवा पाइप हाय घरात. पन क्लिपांचे स्क्रू सोडवायचा पेचकस पूजेत हाय."

पूजेला मांडलेलं अवजार दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हलवायचं नाही, असा त्या घरचा नेम होता. सोनं लुटायचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर उशीर झाला असता. एसटीचे धक्के खात, गाड्या बदलत उषाला आणणं शक्य नव्हतं.

दुर्गाबाई देवघरात गेल्या. "आई रेणुके, तू बी मायच हायेस. काय रागवायचं ते माझ्यावर रागव." आणि हळदीकुंकवाने माखलेला पेचकस त्यांनी आणून नवऱ्याच्या हातात दिला. रामकिसनरावांनी तो कपाळाला लावला.

मग रेडिएटरची तोटी सोडून पाणी बादलीत काढलं. क्लिपा सैल केल्या. मी चिकटून बसलो होतो, तेव्हा चाकूने चिरून मला काढलं. लोखंडी नळीच्या तोंडावरचा गंज पॉलिश पेपरने घासला, नाहीतर नवा पाइपही गळला असता. तो बसवून क्लिपा आवळल्या. टोपण उघडं ठेवून इंजिन चालवलं, तशी अडकलेली हवा बुडबुड करत निघून गेली. दुर्गाबाई तांब्याने पाणी ओतत होत्या.

"गळतंय का हो?"

"थेंब न्हाई. आता याला तेल लावू नको म्हंजी झालं!"

दसऱ्याला उषा माहेरी आली. दोन महिन्यांनी बाळही आलं. तुळईच्या कडीला घासून झोळीचा दोर झिजू लागला, तेव्हा दुर्गाबाईंनी मला अडगळीतून शोधलं. इंजिनाच्या पंख्याआड त्यांचा तेलाचा हात जिथे पोचत नव्हता, तेवढाच माझा भाग धड उरला होता. तो कापून त्यांनी दोरावर चढवला. बाळाचं सगळं ओझं माझ्यावर आलं. आता हॉर्नला कोण विचारतं!

एकदा बाळाला चोळायला त्या तेलाची वाटी घेऊन बसल्या आणि थबकल्या. "उषा, याला कोनतं तेल सोसतं गं?"

उषा हसली. "माय, तू इचारून राह्यलीस?"

"एकाचे न इचारता लाड केले. त्यो बघ, वर बसलाय."

मित्रांनो, वस्तू जपा, माणसंही जपा. पण ज्याला जपायचं त्याला काय सोसतं, ते आधी बघा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमच्याकडे जरा जास्त निरखून बघा. दुर्गाबाईंचा मला राग येतो का? छे! आजही खंडेनवमीला त्या स्टुलावर चढतात आणि मला कोरडं कुंकू लावतात. तेलाची वाटी मात्र खाली ठेवून येतात.